वाड्याला धोकादायक म्हणून नोटीस आली म्हणजे तो पाडलाच पाहिजे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात सदाशिव पेठेत पणजोबांनी घेतलेला वाडा, आता चार चुलत घरांचा हिस्सा, तळमजल्यावर जुने भाडेकरू, पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेने धोकादायक म्हणून नोटीस चिकटवली, चुलतभाऊ म्हणतात बिल्डर तयार आहे तर सह्या करून मोकळे होऊ. विचारणाऱ्याला वाडा ठेवायचाय, निदान ठेवता येतो का ते बघायचंय, आणि सोबत तो चिडून विचारतोय की अशी एकेक करत पेठच्या पेठ संपली तरी कोणी थांबवत कसं नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या लाकडी आणि चुन्याच्या बांधकामांची दुरुस्ती हेच काम गेली अनेक वर्षं करतोय, त्यामुळे आधी नोटिशीचं सांगतो कारण घाई तिथे आहे, "कोणी थांबवत कसं नाही" याच्याकडे नंतर येतो.

नोटीस नीट वाचा. खरंच वाचा, कारण बहुतेक लोक "धोकादायक" हा शब्द बघून पुढचं वाचतच नाहीत. ही नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २६४ खाली येते आणि त्या कलमात बांधकाम उतरवून घ्या, सुरक्षित करा किंवा दुरुस्त करा असे पर्याय आहेत. पाडा हा त्यातला एक. महापालिकेला हवं असतं ते एवढंच की पावसात भिंत रस्त्यावर पडून कोणी मरू नये, आणि ते बरोबरच आहे, दर जुलैमध्ये नाशिकला नाहीतर पुण्यात वाड्याची भिंत पडल्याची बातमी येतेच. पण धोका दूर करण्याचा रस्ता दुरुस्तीचाही असू शकतो आणि तो कायद्यातच आहे.

मग येतो स्ट्रक्चरल ऑडिटचा भाग. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीसाठी कलम २६५अ आहे, त्यात इंजिनिअरचा रिपोर्ट लागतो आणि इमारत चारपैकी एका वर्गात बसवतात: सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, रिकामी करून पाडा, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करा, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ. तुमच्या वाड्याचं सगळं भवितव्य हा रिपोर्ट कोण लिहितो यावर आहे. आमच्या धंद्यातली गोष्ट आहे पण बोलायलाच हवी, की बहुसंख्य इंजिनिअर कॉलेजात फक्त आरसीसी आणि स्टील शिकलेले असतात, लाकडाचा एखादा पेपर असतो तोही ऑप्शनला टाकलेला. असा माणूस रिबाउंड हॅमर घेऊन वाड्यात येतो, ते यंत्र काँक्रीटसाठी असतं, तो ते पांढऱ्या मातीच्या भिंतीवर मारतो, आकडा अर्थातच भिकार येतो आणि रिपोर्टमध्ये लिहितो "इमारतीचे आयुर्मान संपलेले आहे". लाकडाला असं आयुर्मान नसतं हो. कोरडं राहिलेलं सागवान दोनशे वर्षांनी पण तसंच असतं, आणि भिजत राहिलेलं वीस वर्षांत भुसा होतं. वयावरून सांगताच येत नाही, खांब खांब तपासावा लागतो. बिल्डरने आणलेला इंजिनिअर असेल तर रिपोर्ट काय येणार हे मी सांगायला नकोच.

तपासायचं कसं ते सांगतो, तुम्ही स्वतः पण प्राथमिक बघू शकता. वाडा भिंतींवर उभा नसतो, हे पहिलं डोक्यात घ्या. तो लाकडाच्या सांगाड्यावर उभा असतो. दगडी जोतं, त्यावर प्रत्येक खांबाखाली तळखडा म्हणजे बैठकीचा दगड, त्यावर खांब, खांबावर हस्त म्हणजे दोन्हीकडे निघालेले लाकडी आधार, हस्तांवर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट, वर मातीचा थर. भिंती मधे भरलेल्या असतात, खाली दगडाच्या, वर पातळ विटांच्या नाहीतर मातीच्या. म्हणून भिंतीला हात जाईल एवढी भेग दिसली की लोक घाबरतात पण तेवढ्यावरून सांगाडा गेला असं म्हणता येत नाही, आणि उलट भिंत एकदम गुळगुळीत रंगवलेली असते आणि आत तुळईचं टोक पार गेलेलं असतं.

हे टोकच बघायचं असतं. वरून पाणी गळत नसेल तर तुळई सहसा मधे सडत नाही, सडते ती भिंतीत घुसते तिथे, कारण तिथे हवा नाही आणि ओल आहे. शिडी लावून वर जायचं, लाकडी हातोडीने तुळईवर मधून टोकाकडे ठोकत जायचं. चांगलं लाकूड ठणठणीत वाजतं. टोकाकडे आवाज भद्द झाला की स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाबायचा. चांगल्या सागवानात तो नखभर पण जात नाही, हाताला झिणझिण्या येतात. सडलेलं असेल तर अख्खा दांडा मुठीपर्यंत आत जातो आणि बाहेर काढला की ओला काळा चुरा येतो, त्याला एक आंबूस वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. असं टोक सापडलं म्हणजे वाडा संपला असं नाही. तुळईला खालून जॅक आणि टेकू देऊन उचलायची, सडलेला तुकडा कापायचा, जुन्याच सागवानाचा नवा तुकडा सांधून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या घालून बोल्ट मारायचे. चांगला सुतार असेल तर एका टोकाचं काम दोन-तीन दिवसांत होतं आणि माणसं बाजूच्या खोलीत राहत असतात.

दुसरी जागा खांबाचा पाय. तळखड्याचं काम काय, तर खांब जमिनीच्या ओलीपासून वर उचलून धरायचा. शेणाने सारवलेली जमीन होती तोवर तळखडा मोकळा दिसायचा. मग साठ-सत्तरच्या दशकात लोकांनी शहाबादी फरशी घातली, पुढे त्याच्यावरच मोझॅक टाईल, मग कोणीतरी व्हिट्रिफाइड, प्रत्येक वेळी खाली सिमेंटचा थर, करत करत तळखडा फरशीखाली गाडला गेला आणि सागवानी खांबाचा पाय सिमेंटमध्ये बसला. रोज फरशी पुसली की पाणी तिथे मुरणार. मी कुठल्याही वाड्यात शिरलो की आधी खाली बघतो, तळखडे दिसतायत का. दिसत असतील तर अर्धं टेन्शन जातं.

तेव्हा वाडा कशाने जातो याचं माझं उत्तर पाणी आहे, आणि बिल्डर शेवटी येतो, वाडा आधीच गेलेला असतो तेव्हा. पूर्वी दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी व्हायची, माणूस वर चढून कौलं चाळायचा, फुटलेली बदलायचा, पन्हाळीतला पाला काढायचा, फार खर्चाचं काम नाही पण दरवर्षी करायचं काम. ते बंद झालं की मांजराने सरकवलेल्या एका कौलातून पाणी आढ्यापासून खाली भिंतीत उतरतं आणि दहा वर्षं उतरत राहतं. दुसरं, संडास. जुन्या वाड्यात संडास परसात, मग प्रत्येक बिऱ्हाडाला आपापला हवा झाला, जो योग्यच आहे, पण तो काढला पहिल्या मजल्यावर गॅलरीच्या कोपऱ्यात, कडीपाटावर सिमेंटचा कोबा घालून. पाईप गळतो तो थेट तुळईवर. मी पाहिलेल्या कोसळलेल्या वाड्यांमध्ये कोसळण्याची सुरुवात कुठून झाली असं शोधत गेलं की बहुतेक वेळा मोरी नाहीतर संडासच निघतो. तिसरं, सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते, चुन्याचा गिलावा तिला सोडू देतो, सिमेंट देत नाही, मग ओल आतच अडकते आणि भिंत आतून मऊ होते. आणि चौथं हल्ली वाढलेलं, शेजारच्या प्लॉटवर पार्किंगसाठी खोल खड्डा खणतात, तुमच्या वाड्याचा पाया चार-पाच फुटांचा, त्याच्या कडेला वीस फूट खाली पोकळी. तिथे भेगा पडायला लागल्या तर त्या दिवशीचे तारखेसकट फोटो काढा आणि बांधकाम विभागाला लेखी कळवा, नंतर काही सिद्ध होत नाही.

आता तुम्ही म्हणाल की एवढं सोपं आहे तर लोकांनी शाकारणी का नाही केली. इथे भाड्याचा विषय येतो आणि इथे दोन्ही बाजू एकमेकांना शिव्या देतात. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. युद्धाचा आणि टंचाईचा काळ होता, तेव्हा ते गरजेचं होतं. पण ते उठलंच नाही. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एवढी वर्षं भाडं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू, आणि त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. कशावर ४ टक्के? त्याच जुन्या भाड्यावर. समजा महिना ३० रुपये भाडं असेल तर ४ टक्के म्हणजे १ रुपया २० पैसे. कायदा म्हणतो दुरुस्ती मालकाने करायची, नाही केली तर भाडेकरूने नोटीस देऊन करून घ्यायची आणि भाड्यातून कापायची, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ३० रुपयांच्या हिशोबाने वर्षाचे ९० रुपये. ९० रुपयांत कौलं चाळायला माणूस शिडीला हात पण लावणार नाही.

म्हणून मालक म्हणतो मी का खर्च करू, भाडेकरू म्हणतो माझं नाही मी का करू, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. मुंबईत निदान १९६९ पासून जुन्या इमारतींवर उपकर लावून दुरुस्ती मंडळ तरी काढलं, ते कसं चाललं हा वेगळा विषय, पण पुण्यातल्या वाड्यांना तेवढं पण नाही. काही मालक तर वाडा पडायचीच वाट बघतात, त्यांना वाटतं वाडा गेला की भाडेकरू पण गेला. तसं नाहीये. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, भाडेपट्टा खालच्या जमिनीचाही असतो. हे तुमच्या चुलतभावांना आधी सांगा, कारण "पाडू दे, मग बघू" यामागे बऱ्याचदा हाच गैरसमज असतो.

आणि हिस्सेदार. प्रॉपर्टी कार्ड काढा सिटी सर्व्हे ऑफिसमधून, आजच. चार घरं म्हणताय पण कार्डावर बघाल तर वारलेल्या काकांची नावं तशीच असतील, आत्यांची नावं लागलेली नसतील, एखादा न्यू जर्सीला असेल. माझ्या अनुभवात दुरुस्ती अडते ती पैशावर कमी आणि सहीवर जास्त. बिल्डरकडे जायला सगळे एका सुरात तयार होतात कारण तिथे प्रत्येकाला काहीतरी मिळणार असतं, दुरुस्तीत प्रत्येकाला काहीतरी द्यायचं असतं, त्यामुळे तिथे एक जण जरी "बघू नंतर" म्हणाला तरी पावसाळा येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, थांबवत कोणी कसं नाही. लोकांना वाटतं हेरिटेज यादीत नाव आलं की वाडा सुरक्षित. मुंबईने १९९५ मध्ये हेरिटेजचे नियम केले, देशात पहिले, मग पुण्यात पण श्रेणी आल्या, एक, दोन, तीन. यादी काय करते? पाडायला, बदलायला परवानगी लागते एवढं करते. ती तुमच्या छपराची कौलं बदलत नाही. मालकाला बंधन मिळतं आणि पैसा मिळत नाही, म्हणून आपला वाडा यादीत येतोय कळलं की लोक आनंद व्हायच्या ऐवजी हरकत घ्यायला धावतात. हेरिटेज टीडीआरची सोय नियमात आहे, म्हणजे आपल्या प्लॉटवर वापरता न येणारा एफएसआय (किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) दुसरीकडे विकायचा, अहमदाबादेत २०१७ ला युनेस्कोचा दर्जा मिळालेल्या जुन्या शहरातल्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांमधल्या, घरमालकांनी असा टीडीआर विकून त्या पैशातून दुरुस्ती केलीय. आपल्याकडे पेठेतल्या साध्या वाडेवाल्यापर्यंत हे पोचतच नाही, त्याच्याकडे बिल्डर पोचतो. वर आता मेट्रो. २०२४ मध्ये मंडई, कसबा पेठ स्टेशनं सुरू झाली, स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत टीओडी झोन, म्हणजे मेट्रोजवळ जास्त बांधकामाला मुभा असलेला पट्टा, त्यात रस्त्याच्या रुंदीप्रमाणे एफएसआय ४ पर्यंत जातो. जागेच्या वर बांधता येणाऱ्या हवेला एवढी किंमत आल्यावर दोन मजली वाडा ठेवा म्हणणारा माणूस घरात वेडा ठरतो.

याच्या बरोबर उलटं शनिवारवाड्याच्या आसपास बघायला मिळतं. केंद्राच्या स्मारक कायद्यात २०१० ला बदल झाला, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम बंद. तिथले वाडे पाडून बांधता येत नाहीत. मग वाचले का? नाही. परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते, पण लोक करत नाहीत, कायदा आज बदलेल उद्या बदलेल म्हणून थांबलेत आणि वाडे तसेच टेकूंवर झिजतायत. म्हणजे बंदीने पण वाडा वाचत नाही. ज्याला वर चढून कौल बदलायचंय त्याच्या हातात पैसा आणि सही असेल तरच वाचतो, बाकी सगळं कागदावर.

गेलेलं बरंच आहे. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत, बुधवारवाडा १८७९ च्या आगीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटलं तेव्हा नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा पेठेतल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या आणि शेकडो घरं बसली. त्यानंतरचं जे आहे ते आपणच केलंय. भिडेवाड्याचं तर सगळ्यांना माहीत आहे, बुधवार पेठेत दगडूशेठसमोर, जिथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. दशकाहून जास्त कोर्टात अडकला, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला आणि डिसेंबरात रात्रीतून पाडला, राष्ट्रीय स्मारक बांधायला. पाडला तेव्हा त्यात वाचवण्यासारखं फार राहिलं नव्हतं, हे खरं. पण तो त्या अवस्थेला आला कारण इतकी वर्षं भांडण मालकीवर आणि मोबदल्यावर चाललं होतं आणि तोवर पाणी थांबलं नव्हतं. स्मारक होईल, चांगलं होईल अशी आशा, पण ज्या जिन्यावरून त्या मुली वर गेल्या तो जिना काही नव्याने बांधता येत नाही.

इथे एक कडू गोष्ट पण बोलून टाकतो. हेरिटेज म्हटलं की आपल्याला सरदारांचे, फडणीसांचे, सावकारांचे वाडे दिसतात. नानावाडा, विश्रामबागवाडा महापालिकेने दुरुस्त केले, छानच केले. पण कसबा पेठेतली तांबटांची, भवानी पेठ, गंज पेठेतली माळ्यांची, चर्मकारांची एकमजली घरं कुठल्या यादीत फारशी नाहीत, ती जातात तेव्हा बातमीही होत नाही. गंज पेठेत फुलेवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे म्हणून राहिला, त्याच्या आजूबाजूचं काय राहिलंय ते जाऊन बघा. आणि वाड्यातलं जगणं पण सगळं गोड नव्हतं, माजघरातला अंधार कोणाच्या वाट्याला होता ते आपल्या आज्यांना विचारा. म्हणून सगळे वाडे ठेवा असं मी म्हणत नाही, काही वाडे मी स्वतः सी-१ लिहून दिलेत.

पण पाडताना जे होतं ते एकदा बघण्यासारखं आहे, कारण त्याच्यावरून कळतं आपण काय विकतोय. पाडकामाचा ठेकेदार जुन्या सागवानी वाड्याचे पैसे घेत नाही, उलट मालकाला देतो. आधी कौलं उतरतात, मग रिपा, वासे, आढं, मग पाट, कड्या, तुळया, खांब सगळ्यात शेवटी, आणि मग भिंतींना जेसीबी. लाकूड सरळ टेम्पोत. साधं असेल ते भवानी पेठेत टिंबर मार्केटला कापून नवं फर्निचर, कोरीव असेल तर मुंबईला जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात. केळफुलाचे हस्त असलेला खांब तिथून कुठल्यातरी फार्महाऊसवर नाहीतर हॉटेलच्या बारमागे उभा राहतो. मालकाला लाकडाचे जे पैसे मिळतात आणि त्या बाजारात जी किंमत लावतात यातला फरक कळला तर मालक रडतील. आणि याच्याइतकंच दुखतं ते कागदांचं. कोठीच्या खोलीत, माळ्यावर रुमालात बांधलेले मोडी कागद असतात, हिशोब, वतनाची पत्रं, वह्या, वाचता येत नाहीत म्हणून सरळ कचऱ्याच्या गाडीत. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यातून असेच कागद गोळा करत इतिहास उभा केला, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, ते तुमच्या सदाशिव पेठेतच आहे, चालत जाता येतं.

तर तुमच्यासाठी. पहिल्यांदा नोटिशीला लेखी उत्तर द्या की आम्ही दुरुस्तीचा पर्याय तपासतोय, स्वतंत्र ऑडिट करून घेतोय, अमुक तारखेपर्यंत रिपोर्ट देतो. पोच घ्या. गप्प बसलात तर तुमच्या वतीने दुसरं कोणी ठरवेल. रस्त्याकडच्या भिंतीला आणि फुगलेल्या भागाला लगेच टेकू लावा, तिथली खोली रिकामी करा, यात हयगय नको, वाडा वाचवायच्या नादात माणूस जायला नको. ऑडिटला लाकडी बांधकाम केलेला इंजिनिअर बघा, त्याला पहिला प्रश्न विचारा की तुम्ही लाकूड कसं तपासणार, उत्तरात फक्त यंत्रांची नावं आली तर दुसरा शोधा. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेकडे किंवा महापालिकेच्या हेरिटेज सेलकडे विचारलंत तर अशी माणसं कळतात.

पाऊस यायच्या आत छप्पर. बाकी काहीही राहू दे. पैसे कमी असतील तर पन्हाळी साफ, फुटकी कौलं बदलून, गळका संडास बंद, एवढं करा, सांगाड्याची दुरुस्ती दिवाळीनंतर काढा. पत्रा टाकायचा मोह होईल, तात्पुरता ताडपत्रीसारखा वापरायला हरकत नाही, कायमचा नको, खालची हवा कोंडते आणि उन्हाळ्यात वर राहता येत नाही, मग वरचा मजला रिकामा पडतो आणि रिकाम्या मजल्याकडे कोणी लक्ष देत नाही.

मग पैसा कुठून उभा राहणार ते भावांसमोर मांडा, कारण भावनेवर सही मिळत नाही. तुमची पेठ स्पर्धा परीक्षावाल्या पोरापोरींनी भरलेली आहे, अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसच्या खोल्या, यांना जागा हव्याच आहेत. चौकाभोवतीच्या ओसऱ्या अभ्यासिकेला फार चांगल्या, उजेड आणि हवा दोन्ही. एक वरचा मजला नीट करून असा दिला तर त्याच्या भाड्यातून हप्त्या-हप्त्याने बाकीचा वाडा दुरुस्त झालेली उदाहरणं मी केलीत. जुन्या भाडेकरूंशी पण बसून बोला, नवीन करार करून थोडं जास्त भाडं आणि त्या बदल्यात पक्का संडास, कोरडं छप्पर, यावर बरेच जण तयार होतात, आजवर त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आणि एवढं करून नाहीच जमलं, बिल्डरकडेच जायचं ठरलं, तर तेही डोळे उघडे ठेवून जा. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा फ्लॅट आठच्या वर नसतील तर प्रोजेक्टला रेराची, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागत नाही, पेठेतले बरेच प्लॉट यात बसतात, म्हणजे काम अर्ध्यात अडकलं तर रेराचा आधार नाही. पेठेत पाडून पाच-सात वर्षं नुसता पत्रा मारलेले प्लॉट तुम्हीही रोज बघत असाल. बँक गॅरंटी आणि पर्यायी जागेचं भाडं करारात नसेल तर वाडा रिकामा करू नका. करारात हेही घाला की लाकूड, दरवाजे, तळखडे मालकांचे, ठेकेदाराचे नाहीत. दिंडी दरवाजा, चार खांब नव्या इमारतीच्या प्रवेशाला लावून घेता येतात, नुसती शोभा म्हणा हवं तर, पण जोगेश्वरीला जाण्यापेक्षा बरं. पाडायच्या आधी मोजमाप घेऊन नकाशे काढून घ्या, आर्किटेक्चर कॉलेजची पोरं हे काम अभ्यासाचा भाग म्हणून आनंदाने करतात, प्रत्येक खोलीचे, प्रत्येक सांध्याचे फोटो काढा, आणि माळ्यावरचे रुमाल न सोडता इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवा.

ऑडिटचा रिपोर्ट आला की त्यातला वर्ग आणि तुळयांचा तक्ता बघा. तक्त्यात प्रत्येक तुळईचं टोक वेगवेगळं लिहिलेलं नसेल, नुसतं "लाकूडकाम जीर्ण" असं एका ओळीत असेल, तर त्या रिपोर्टवर कोणीही सही करू नका, भावांनी कितीही घाई केली तरी.